पुस्तकाचे दोन आकडे

बीबी हे नाव वाचकांपैकी फार थोड्यांच्या कानावर असेल. मेहकरहून सिंदखेडराजाकडे निघालेला प्रवासी या गावावरून पुढे जातो, पण त्याचे मन एक तर जिजाऊंच्या जन्मस्थानी गुंतलेले असते, नाही तर लोणारच्या सरोवराशी. या दोन थोर शेजाऱ्यांमध्ये आमची बीबी आपली सोयाबीन-कपाशी सांभाळत निमूटपणे बसलेली असते. येथे ग्रामीण रुग्णालय आहे. वैद्यकीय ग्रंथालय मात्र नाही, आणि असण्याचे काही कारणही नाही. तेव्हा ‘वैद्यकीय ग्रंथालयात नव्या पुस्तकाला आकडे कसे देतात’ या विषयाशी बीबीचा संबंध काय, असे कुणी विचारील. तो संबंध आहे, आणि तो जिवाशी आहे.

२० फेब्रुवारी २०२४ रोजी, एकादशीच्या दिवशी, बीबीजवळच्या सोमठाण्यात फराळाचा प्रसाद घेतलेल्या शेकडो माणसांना विषबाधा झाली आणि त्यांना बीबीच्या रुग्णालयात आणावे लागले. खाटा पुरेनात. बाहेर झाडांना दोर बांधले गेले, दोरांना सलाईनच्या बाटल्या टांगल्या आणि माणसे उघड्यावर जमिनीवर निजली. ती छायाचित्रे सगळ्या देशाने पाहिली. अशा रात्री कोणताही डॉक्टर पुस्तक उघडून बसत नाही. परंतु कोणाला किती सलाईन द्यायचे, कोणावर अधिक लक्ष ठेवायचे, हे जे त्याच्या हातांना ठाऊक असते ते केव्हा तरी कुठल्या तरी कपाटातून काढलेल्या पुस्तकातूनच आलेले असते. ते पुस्तक त्याला विद्यार्थिदशेत सापडले, कारण कुणा ग्रंथपालाने त्याच्यावर योग्य आकडा घालून ते योग्य जागी ठेवले होते. या उपकाराची जाणीव आपल्याला सहसा नसते. म्हणूनच हा लेखप्रपंच.

उंबरठ्यावरची नोंद

माझे एक स्नेही एका वैद्यकीय महाविद्यालयात ग्रंथपाल आहेत. मी मराठीचा प्राध्यापक. माझ्या मनात ग्रंथालय म्हणजे जुन्या पोथ्यांचा आणि बांधीव खंडांचा वास. त्यांच्याकडे एकदा सकाळी गेलो तो पुस्तकांची खोकी नुकतीच येऊन पडली होती. मला वाटले, आता ही पुस्तके उचलायची आणि कपाटात लावायची, की झाले काम! स्नेही हसले. म्हणाले, “सर, नवी सून आली म्हणून कुणी तिला थेट माजघरात नेऊन बसवते का? आधी उंबरठ्यावर माप ठेवावे लागते.”

ते माप असे. प्रथम खोक्यातली पुस्तके मागणीपत्राशी आणि बिलाशी ताडून पाहतात. मागवली होती तीच आवृत्ती आली की जुनीच गळ्यात मारली, पाने सलग आहेत की एखादा फर्मा गळाला आहे, चित्रे जागच्या जागी आहेत की नाहीत, हे सारे पाहतात. वैद्यकाच्या पुस्तकात आठ पाने गळणे म्हणजे कादंबरीतले एक प्रकरण गळण्यासारखे नव्हे. त्या आठ पानांतच एखाद्या औषधाची मात्रा असू शकते. मग शिक्का. तो मुखपृष्ठामागील नामपत्रावर तर पडतोच, पण एका ठरावीक आतल्या पानावरही पडतो. त्याला ‘गुप्त पान’ म्हणतात. कोणते पान ते प्रत्येक ग्रंथालयाने स्वतःशी ठरवलेले असते. नामपत्र फाडून पुस्तक लांबवणाऱ्याला हे पान ठाऊक नसते, आणि तेथेच तो सापडतो.

यानंतर दाखल नोंदवही उघडते. जाड बांधणीची, आडव्या लांब पानांची ही वही ग्रंथालयाची खरी वंशावळ होय. तारीख, दाखल क्रमांक, लेखक, ग्रंथनाम, आवृत्ती, प्रकाशक, वर्ष, पृष्ठे, किंमत, बिलाचा क्रमांक आणि शेवटी ‘शेरा’ असे रकाने तिच्यात असतात. पुस्तक आले की त्याला पुढचा क्रमांक मिळतो. विषय कोणता, लेखक थोर की लहान, याचा येथे विचार नाही. जो आधी आला त्याचा क्रमांक आधी. एकाच शरीररचनाशास्त्राच्या पाच प्रती आल्या तर त्यांना पाच निरनिराळे दाखल क्रमांक मिळतात. कारण दाखल क्रमांक ग्रंथाला नसतो, प्रतीला असतो. उद्या एक प्रत हरवली तर पाचांपैकी कोणती, ते याच आकड्यावरून कळते.

या आकड्याचा एक धर्म मला फार आवडला. तो एकदा दिला की पुन्हा कुणाला दिला जात नाही. पुस्तक हरवो, वाळवी लागो, जुने झाले म्हणून रीतसर बाद होवो, वहीतली त्याची ओळ राहते. फक्त शेऱ्याच्या रकान्यात कारण लिहितात. आज संगणक आले, ‘ई-ग्रंथालय’सारख्या प्रणाली आल्या, पुस्तकाच्या पाठीमागे काळ्या रेघांची चिठ्ठी आली, पण त्या रेघांत सामान्यतः लपलेला असतो तो हाच दाखल क्रमांक. साधन पालटले, धर्म तोच राहिला.

रुमाल आणि दशमान

आता, पुस्तक केव्हा आले हे कळले. पण ते कुठे ठेवायचे? दाखल क्रमांकानेच ओळीने लावून टाकले तर? तसे केल्यास हृदयरोगाशेजारी दातांचे पुस्तक येईल, त्याच्याशेजारी कुष्ठरोग, आणि शोधणाऱ्याला सगळे ग्रंथालय पालथे घालावे लागेल. येथे दुसरा आकडा लागतो. त्याला बोधांक म्हणतात. पहिला आकडा पुस्तकाचा जन्म सांगतो, दुसरा त्याचे घर सांगतो.

घर सांगण्याची जुनी रीत आपल्याकडेही होती. पुण्याच्या पेशवे दप्तरातले कागद कापडात बांधून त्यांचे ‘रुमाल’ केलेले आहेत आणि रुमालांना क्रमांक आहेत. रुमाल ठाऊक असला की कागद सापडतो. युरोपातल्या जुन्या ग्रंथालयांतही अमुक कपाट, अमुक फळी, अमुक जागा असेच आकडे पुस्तकांवर घालीत. या रीतीत एक अडचण आहे. फळी भरली की नव्या पुस्तकाला त्याच्या भावंडांजवळ जागा उरत नाही. संग्रह वाढणारा नसेल तर रुमाल पुरतो. वाढणारा असेल तर घर हलवता आले पाहिजे, पण पत्ता मात्र बदलता कामा नये.

हा पेच मेल्व्हिल ड्यूई या अमेरिकी ग्रंथपालाने १८७६ साली आपल्या दशमान वर्गीकरणाने सोडवला. त्याने आकडा फळीला न देता विषयाला दिला. सर्व ज्ञानाचे दहा भाग, प्रत्येकाचे पुन्हा दहा, असे करीत ६१० हा आकडा वैद्यकाच्या वाट्याला आला. ६११ शरीररचना, ६१२ शरीरक्रिया, ६१५ औषधे, ६१६ रोग, ६१७ शस्त्रक्रिया, ६१८ स्त्रीरोग आणि प्रसूती. दोन पुस्तकांमध्ये तिसरे आले तर दशांश चिन्हापुढे आणखी एक आकडा वाढवायचा. जागा कधी संपतच नाही. आपल्या सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून बोर्डन नावाचे ग्रंथपाल बडोद्यास आणून ग्रंथालयांची घडी बसवली, त्यामागे हीच नव्या रीतीची ओढ होती.

एका रोगाचे तीन पत्ते

वर्गीकरण म्हणजे निव्वळ कारकुनी, असा माझा समज नव्हता. पण त्यात एवढे वैद्यक दडलेले असेल असेही वाटले नव्हते. स्नेह्यांनी क्षयरोगाचे उदाहरण दिले. ड्यूईच्या पद्धतीत क्षयाचा पत्ता ६१६.९९५, त्याच्या अगदी अलीकडे ६१६.९९४ वर कर्करोग राहतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाची जी पद्धत आहे, तिची पहिली आवृत्ती १९५१ साली निघाली. तिच्यात क्षयाचा पत्ता डब्ल्यूएफ २००. या डब्ल्यूएफ वर्गात श्वसनसंस्था आहे, म्हणजे येथे क्षय फुप्फुसाच्या घरी राहतो. आणि आपल्या डॉ. रंगनाथनांच्या द्विबिंदू वर्गीकरणात, ज्याची पहिली आवृत्ती १९३३ साली प्रसिद्ध झाली, फुप्फुसाच्या क्षयाचा पत्ता एल ४५:४२१ असा लिहीत. एल म्हणजे वैद्यक, ४५ म्हणजे फुप्फुस, ४२१ म्हणजे क्षय. रंगनाथनांनी तयार घर दिले नाही. विटा दिल्या आणि घर बांधण्याची रीत दिली. मराठीच्या माणसाला यात संधी आणि समास दिसले तर नवल नाही.

अमेरिकी पद्धतीची एक गंमत आहे. तेथील संसद ग्रंथालयाच्या वर्गीकरणात काही अक्षरे रिकामी ठेवलेली होती. वैद्यकवाल्यांनी क्यूएस ते क्यूझेड आणि संपूर्ण डब्ल्यू ही रिकामी घरे घेतली आणि आपला स्वतंत्र वाडा उभारला. क्यूएस शरीररचना, क्यूव्ही औषधे, डब्ल्यूजी हृदय आणि रक्तवाहिन्या, डब्ल्यूक्यू प्रसूती, डब्ल्यूएस बालरोग, डब्ल्यूवाय शुश्रूषा, डब्ल्यूझेड वैद्यकाचा इतिहास. जगभरच्या वैद्यकीय ग्रंथालयांत ही पद्धत वापरली जाते.

सोमठाण्याची आठवण ठेवून मी विचारले, “अन्नातून विषबाधा कुठे ठेवता?” ते म्हणाले, “ड्यूईत ६१५.९५४, म्हणजे औषधे आणि विषे यांच्या शेजारी. अमेरिकी पद्धतीत जंतूंमुळे झालेली विषबाधा डब्ल्यूसी २६८, म्हणजे संसर्गजन्य रोगांत. सर, आपण फक्त पुस्तक कुठे ठेवायचे ते ठरवत नाही; हा रोग कुणाचा नातलग, ते ठरवतो.”

नातेही कायम राहतेच असे नाही. १९८१ साली एड्सच्या रोग्यांची पहिली नोंद झाली तेव्हा तो काय आहे हेच कळले नव्हते. प्रतिकारशक्ती ढासळते एवढेच दिसत होते, म्हणून पुस्तके त्या विकारांच्या वर्गात गेली. कारण असलेला विषाणू १९८३ साली सापडला, पुढे समज पक्की झाली, आणि रोगाला विषाणुजन्य रोगांच्या रांगेत डब्ल्यूसी ५०३ हे घर मिळाले. म्हणजे बोधांक बदलतो. पाठीवरची चिठ्ठी खरवडून नवी लावावी लागते, सूचीतली नोंद सुधारावी लागते. दाखल क्रमांक मात्र ढळत नाही. एक आकडा इतिहासाशी इमान राखतो, दुसरा ज्ञानाशी. मला वाटते, वैद्यकीय ग्रंथालयाचे सारे शास्त्र या एका वाक्यात आले.

शिळे ज्ञान

“तुमच्या मराठीत बरे आहे,” स्नेही म्हणाले, “ज्ञानेश्वरीची प्रत जितकी जुनी तितकी तुम्ही ती डोक्यावर घेता. आमच्याकडे जुनी प्रत विद्यार्थ्याच्या हाती पडली तर एखाद्या रोग्याचे नुकसान व्हायचे.”

हे बोलणे थट्टेचे नव्हते. पोटातल्या पेप्टिक व्रणाचे उदाहरण घ्या. अमेरिकी पद्धतीत त्याचा बोधांक डब्ल्यूआय ३५०. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या पुस्तकांत या व्रणाचे खापर आम्लावर, तिखटावर आणि काळजीवर फोडलेले आढळते. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी १९८३-८४ मध्ये ‘लॅन्सेट’मधून दाखवले की व्रणाचे मूळ पुष्कळदा एका जंतूत असते, मग त्यावर प्रतिजैविकांचा उपाय आला, आणि २००५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. गंमत अशी, की जुने पुस्तक आणि नवे पुस्तक दोन्ही डब्ल्यूआय ३५० लाच राहतात. विषय एकच, उपाय मात्र निराळा! मग वाचकाने कसे ओळखावे? यासाठी बोधांकाच्या शेवटी प्रकाशनवर्ष घालतात. वर्गांक विषय सांगतो, त्यापुढचे अक्षर-आकडे लेखक सांगतात आणि वर्ष सांगते की हे ज्ञान कोणत्या सालचे. पाठीवरच्या चिठ्ठीतले ते चार आकडे म्हणजे औषधाच्या बाटलीवरची तारीखच समजा.

म्हणून नवी आवृत्ती आली की ती पुढच्या फळीवर जाते आणि जुनी मागच्या कोठारात. फेकून मात्र सरसकट देत नाहीत. वैद्यकाचा इतिहास लिहिणाऱ्याला, जुन्या साथीचा अभ्यास करणाऱ्याला तीच लागते. नवी आलेली पुस्तके काही दिवस दाराजवळच्या मांडणीवर तोंडे वाचकाकडे करून ठेवतात. रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे जे पाच नियम मांडले, त्यांत वाचकाचा वेळ वाचवण्याला एक स्वतंत्र नियम दिला आहे. वैद्यकात त्या वाचलेल्या वेळाचा धनी वाचक नसतो. वाचकाची वाट पाहत खाटेवर पडलेला माणूस असतो.

विंचू आणि बांधीव खंड

पुस्तकांपेक्षाही वैद्यकाचा जीव नियतकालिकांत असतो. नवा शोध पुस्तकात यायला काही वर्षे जातात. नियतकालिकात तो आधी येतो. १८२३ साली सुरू झालेले ‘लॅन्सेट’, १९१३ पासूनचे ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’, मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय आणि के. ई. एम. रुग्णालयाच्या अध्यापकांनी १९५५ साली काढलेले ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’, अशांचे अंक येतात तेव्हा त्यांची रीत पुस्तकांहून वेगळी असते. प्रत्येक नियतकालिकाचे एक पत्रक असते. अंक आला की त्याच्या रकान्यात खूण. खूण राहिली तर लगेच स्मरणपत्र, कारण महिने उलटल्यावर अंक मिळत नाही. वर्षाअखेर सुटे अंक बांधले की तयार झालेल्या खंडाला दाखल क्रमांक मिळतो. मांडणी बहुतेक ठिकाणी विषयवार नसते. नावाच्या अक्षरक्रमाने, मग वर्ष, मग खंड.

विषयवार का नाही, हे मला विंचवाने शिकवले. आमच्या भागात शेतात, दगडाखाली, जळणाच्या ढिगात विंचू निघतोच. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर कोकणात महाडकडे सरकारी आरोग्य केंद्रात काम करीत असताना लाल विंचवाच्या दंशाने माणसे, विशेषतः मुले, डोळ्यांदेखत दगावताना पाहत. विषाचा घाला हृदयावर पडतो हे ओळखून, रक्तदाबासाठी वापरले जाणारे प्रॅझोसिन हे औषध त्यांनी योजले, आणि १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यावरचा लेख प्रसिद्ध केला. आता विचार करा, ‘लॅन्सेट’चा तो खंड कोणत्या विषयात ठेवायचा? विंचवाच्या लेखाशेजारी त्यात मूत्रपिंड आहे, बाळंतपण आहे, मेंदू आहे. एका खंडाला शंभर घरे कुठून द्यायची?

याचे उत्तर जॉन शॉ बिलिंग्ज या अमेरिकी लष्करी डॉक्टराने १८७९ सालीच दिले होते. त्याने ‘इंडेक्स मेडिकस’ सुरू केली. जगभरच्या वैद्यकीय नियतकालिकांतल्या लेखांची ती विषयवार सूची. खंड आपल्या जागी स्वस्थ राहतो, फिरते ती सूची. विंचवाच्या मथळ्याखाली पाहावे, लेखकाचे आणि नियतकालिकाचे नाव, वर्ष, खंड, पान टिपून घ्यावे, आणि थेट त्या फळीपाशी जावे. १९६० पासून या सूचीचे विषयमथळे ठरवून दिलेले आहेत, नाही तर एकाच रोगाला दहा डॉक्टर दहा नावे देणार. दिल्लीला १९६१ साली राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालय झाले, तेथेही अशी साधने आली. छापील ‘इंडेक्स मेडिकस’ २००४ अखेर बंद पडली, कारण तिचे काम संगणकाने घेतले. ‘पबमेड’ १९९७ पासून सर्वांना मोफत खुले आहे. बीबीच्या रुग्णालयातला तरुण डॉक्टर आज आपल्या मोबाईलवर विंचवाचा लेख शोधू शकतो. तो शोधतो ते मथळे मात्र त्याच जुन्या सूचीच्या कुळातले.

पहिली ओळ

एके काळी आमच्या भागातल्या मुलाला डॉक्टर व्हायचे तर फळी फार लांब होती. मुंबईचे ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय १८४५ चे. नागपूरचे १९४७ साली निघाले, औरंगाबादचे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचे, १९५६ साली, अकोल्याचे २००२ साली. आणि २०२४ साली खुद्द बुलढाण्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले, शंभर विद्यार्थ्यांचे. महाविद्यालय म्हटले की वर्ग, शवविच्छेदनाची दालने, खाटा यांची चर्चा होते. माझ्या डोळ्यांपुढे मात्र नव्या महाविद्यालयाची दाखल नोंदवही येते. कोरी वही, पहिले पान, पहिली ओळ, दाखल क्रमांक एक. जुन्या ग्रंथालयांना आपली पहिली ओळ कधी कोणी लिहिली ते आठवतही नसते. जिल्ह्याच्या ग्रंथालयाच्या पहिल्या ओळी आपल्या डोळ्यांदेखत लिहिल्या जात आहेत. त्या नीट लिहिल्या गेल्या, बोधांक काळजीने घातले गेले, शिळ्या आवृत्त्या वेळेवर मागे सरल्या, तर काही वर्षांनी त्याच फळ्यांपाशी शिकलेला कुणी तरी बीबीला, लोणारला, सोमठाण्याला येईल.

वाचकांच्या हातीही यातले थोडे काही आहे. घरात कुणी डॉक्टर होऊन गेले असतील तर त्यांची जुनी पुस्तके गावच्या वाचनालयाला देताना आधी प्रकाशनवर्ष पाहावे. घरगुती उपचारांच्या शिळ्या पुस्तकाने पुण्याऐवजी पाप पदरी पडायचे. आणि कोणत्याही ग्रंथालयात गेलात, तर वाचून झालेले पुस्तक स्वतः फळीत खोचू नका, मेजावर ठेवा. आपल्याला तो सभ्यपणा वाटतो, ग्रंथपालाच्या पोटात मात्र गोळा येतो. चोरीला गेलेल्या पुस्तकाची निदान वहीत नोंद होते. चुकीच्या फळीत गेलेले पुस्तक वहीत हजर असते, सूचीत हजर असते, कपाटातही हजर असते. फक्त ज्याला ते हवे असते त्याला सापडत नाही.